जॉन डीकन

जॉन रिचर्ड डीकन (जन्म १९ ऑगस्ट १९५१, लेस्टर, इंग्लंड) हा क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा बेसिस्ट, म्हणजे खालच्या सुरांची बेस गिटार वाजवणारा. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला म्हणून त्याच्यावर मराठीत भरभरून लिहिलं जातं, गिटारिस्ट ब्रायन मे तर नुसत्या केसांवरून ओळखू येतो, पण फोटोत कडेला उभ्या असलेल्या डीकनबद्दल कोणी फारसं बोलत नाही आणि हे मला अजिबात पटत नाही, कारण रॉक न ऐकणाऱ्यांनाही माहीत असलेली क्वीनची काही गाणी ह्याने लिहिलीयत.

१९७१ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना तो बँडमध्ये आला, चौघांत सगळ्यात शेवटी. तेव्हा लंडनच्या चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता, ते त्याने फर्स्ट क्लासने पूर्ण केलं. त्या शिक्षणाचा बँडला किती फायदा झाला बघा. रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या पेटीत त्याला एक सर्किट बोर्ड सापडला, तो त्याने घरी नेला, एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला आणि झाला अँप्लिफायर तयार! त्याला ना आवाजाचं बटण, ना टोनचं. पण ब्रायन मेची गिटार त्यातून इतकी गोड वाजायची की तो रेकॉर्डिंगला तोच वापरत राहिला. १९७५ च्या अल्बममधलं 'गुड कंपनी' ऐका, मधे जुन्या जॅझ बँडची पिपाण्या-क्लॅरिनेट वाजल्यासारखी वाटतात ना, ती सगळी गिटार आहे, ह्याच डब्यातून आलेली. त्याचं नावच पडलं 'डीकी अँप'.

गाणी लिहायला त्याने उशिरा सुरुवात केली, पहिलं १९७४ मध्ये. पुढच्याच वर्षी बायकोसाठी 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' लिहिलं, त्यातला इलेक्ट्रिक पियानो वाजवायला फ्रेडी तयार नव्हता, त्याला त्या वाद्याचा आवाजच आवडायचा नाही, मग डीकनने ते स्वतः शिकून वाजवलं.

आणि 'अनदर वन बाइट्स द डस्ट'. सुरुवातीलाच एकाच सुरावर धम, धम, धम, मग थोडी गॅप, आणि ती गॅपच खरी जादू आहे, कारण मान तिथेच हलायला लागते. शीक या अमेरिकन बँडचं फंक, म्हणजे बेसच्या ठेक्यावर नाचवणारं संगीत, त्याच्या डोक्यात होतं, बेससोबत गिटार आणि पियानोही बराचसा त्याचाच. ड्रमर रॉजर टेलरला हा डिस्को प्रकार पसंत नव्हता, तरी ड्रममध्ये ब्लँकेटं कोंबून त्याने तो कोरडा आवाज काढून दिला. १९८० मध्ये हे गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं. १९८४ चं 'आय वाँट टू ब्रेक फ्री' पण डीकनचंच.

अल्बमवर गायला मात्र तो कधी पुढे आला नाही. बँडच्या पैशांच्या व्यवहारावर बारीक लक्ष असायचं त्याचं.

१९९१ मध्ये फ्रेडी गेला आणि त्याच्याशिवाय क्वीन चालवण्यात डीकनला अर्थ वाटेना. जानेवारी १९९७ मध्ये पॅरिसला तो क्वीनसोबत शेवटचा वाजवायला उभा राहिला, त्यानंतर निवृत्त झाला. २००१ मध्ये क्वीनला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम हा अमेरिकेतला मोठा मान मिळाला, त्या सोहळ्यालाही तो गेला नाही. मे आणि टेलरने पुढे दुसरे गायक घेऊन दौरे केले, पण पैशांचा मोठा निर्णय असला की डीकनची संमती घेतात.