उणे ५ ही ५ ची परतीची वायर नव्हे

जुन्या आर्केड मशीनची वायरिंग नव्याने करताना स्विचिंग पॉवर सप्लायच्या पट्टीवर साधारण ही नावं दिसतात: एल, एन, एफजी, कॉम (कॉमन, म्हणजे शून्य व्होल्टचं ग्राउंड), +५, +१२ आणि −५. पहिल्या तिघांवर घरातली वीज येते: फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. शेजारी ११५/२३० चा खटका असेल तर तो भारतात २३० वरच हवा. ११५ वर राहिला तर चालू करताक्षणी सप्लाय जळू शकतो.

खरी गफलत −५ पाशी होते. बॅटरीच्या सवयीने +५ आणि −५ ही जोडी वाटते आणि बोर्डाचं ग्राउंड −५ ला जोडलं जातं. पट्टीवरचा प्रत्येक आकडा मात्र कॉमपासून मोजलेला असतो, त्यामुळे +५ आणि −५ यांच्यामधलं अंतर १० व्होल्ट. बोर्डावरच्या टीटीएल चिप (५ व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या लॉजिक चिप) जेमतेम ७ व्होल्ट सोसतात. परतीची वायर नेहमी कॉमलाच. −५ लागतो तो ४११६ सारख्या जुन्या रॅमना आणि काही बोर्डांच्या आवाजाच्या सर्किटला. बाकी ठिकाणी तो स्क्रू रिकामा राहिला तरी चालतं.

१९८५ साली जपानमध्ये ठरलेल्या ५६ पिनांच्या जाम्मा कनेक्टरवर (गेमचा बोर्ड मशीनला जोडणारा) पिन १ आणि २ वर ग्राउंड, ३ आणि ४ वर +५, ५ वर −५, ६ वर +१२. पाठीमागच्या बाजूलाही हाच क्रम. ७ ची जागा खाचेची. ती खूण नसेल तर कनेक्टर उलटा बसू शकतो.

आधी बोर्ड न जोडता मीटरचा काळा प्रोब कॉमवर ठेवून एकेक स्क्रू तपासा. काही स्वस्त सप्लायचे +१२ आणि −५ लोडशिवाय भलतेच आकडे दाखवतात, तेवढ्यावर सप्लाय बाद करू नका. मग बोर्ड जोडून, मशीन चालू असताना, +५ पुन्हा मोजा, पण थेट बोर्डाच्या कडेला. १८ गेजच्या (एडब्ल्यूजी, अमेरिकन मापाच्या) तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे सुमारे ०.०२१ ओहम. जाण्या-येण्याची मिळून २ मीटर वायर आणि ५ अँपिअर करंट धरला तर वाटेतच ०.२१ व्होल्ट जातात, बोर्डाला उरतात ४.७९. टीटीएलची खालची हद्द ४.७५, तिच्या आसपास गेम मध्येच रिसेट होतो. अशा वेळी सगळे सप्लायवरचा, +५ कमीजास्त करणारा ॲडजस्टचा स्क्रू पिळतात. त्याआधी +५ आणि ग्राउंड, दोन्हींना जोडीची आणखी एकेक वायर टाका. मग उरलेली किरकोळ घट ॲडजस्टने भरा, बोर्डावर ५.२५ च्या वर न जाता.