थिरथिऱ्याच्या डोळ्यातलं होकायंत्र

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जुन्या खाणीच्या वाटेला एक मोडका दगडी कठडा आहे. हिवाळ्यात तिथे हमखास थिरथिरा बसलेला असतो. चिमणीएवढा, गळा-छाती काळी, पोट विटकरी आणि शेपटी थंडी भरल्यासारखी थरथरणारी. उन्हाळा हिमालयाच्या उंच भागात किंवा मध्य आशियात काढायचा, ऑक्टोबरच्या सुमारास आपल्याकडे यायचं, मार्च-एप्रिलात परत जायचं, असा याचा शिरस्ता.

यंदा तो पहिल्यांदा दिसला त्याच सकाळी आमच्या फिरायच्या कंपूतल्या काकांनी मोबाइल पुढे केला. ‘फाइव्ह-जीमुळे पक्षी टपाटप मरताहेत, बघा हेगमध्ये काय झालं!’ हा फॉरवर्ड आता चांगलाच शिळा झालाय. नेदरलँड्समधल्या हेगच्या एका बागेत २०१८च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेकडो स्टार्लिंग पक्षी मरून पडले, हे खरं. पण तिथली फाइव्ह-जीची चाचणी झाली होती जूनमध्ये, तीही एक दिवस. चाचणी उन्हाळ्यात आणि पक्षी मेले दिवाळीत!

वाईट याचं वाटतं, की लहरी आणि पक्षी यांच्यातली खरी गोष्ट या अफवेपेक्षा कितीतरी रंगतदार आहे.

थिरथिऱ्याच्याच कुळातला युरोपीय रॉबिन हा या संशोधनातला नायक. पिंजऱ्यातला रॉबिन स्थलांतराच्या दिवसांत रात्री ज्या दिशेला झेपावतो ती दिशा चुंबकीय क्षेत्र बदललं की बदलते, हे जर्मनीत पक्षिशास्त्रज्ञ विल्चको यांनी १९६०च्या दशकात दाखवलं. पुढे कळलं, की या पक्ष्याला उत्तर-दक्षिण कळतच नाही. त्याला कळतो तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्ररेषांचा कल. ध्रुवाकडे या रेषा जमिनीत तिरप्या शिरतात, चुंबकीय विषुववृत्तावर आडव्या पडतात (केरळातल्या थुंबाला रॉकेट उडवायला जागा निवडली ती या विषुववृत्तापायीच). आणखी एक गंमत म्हणजे हे होकायंत्र निळ्या-हिरव्या उजेडात चालतं, लाल उजेडात बिघडतं. म्हणजे भानगड डोळ्यात आहे.

दृष्टिपटलात क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन असतं. त्यातल्या फ्लेव्हिन रेणूवर निळा प्रकाशकण आदळला, की शेजारच्या ट्रिप्टोफॅनच्या साखळीतून एक इलेक्ट्रॉन उडी मारून तिकडे जातो. आता दोन्ही टोकांना एकेक बिनजोडीचा इलेक्ट्रॉन उरतो. प्रत्येकाला स्वतःची फिरकी, म्हणजे स्पिन असते. दोन फिरक्या कधी एकमेकींच्या उलट, कधी एकाच दिशेच्या, आणि सेकंदाला लाखो वेळा ही अदलाबदल चालते, कारण आसपासच्या हायड्रोजन-नायट्रोजनची केंद्रकं स्वतःच बारकी चुंबकं असतात. पृथ्वीचं क्षेत्र कोणत्या कोनातून येतं, त्यावर उलट-सुलट यांचं प्रमाण किंचित हलतं. उलट असतील तर इलेक्ट्रॉन माघारी घरी जाऊ शकतो, एकाच दिशेच्या असतील तर ती वाट बंद. म्हणजे कोन बदलला, की तयार होणारा रासायनिक माल बदलतो.

पण पृथ्वीचं क्षेत्र इतकं क्षीण, की रेणूंच्या उष्ण धडपडीपुढे त्याची ऊर्जा लाखो पटींनी कमी पडते. मग ते रसायनाला वळवतं कसं? रेल्वेचा सांधेवाला आठवा. गाडी ओढायचं बळ त्याच्यात नसतं, पण गाडी धावत असताना तो सांधा बदलतो. इथे गाडी ओढतो प्रकाशकण, चुंबकीय क्षेत्र नुसता सांधा बदलतं. (फिरक्यांचा हा खेळ क्वांटम भौतिकीतला खरा, पण ‘क्वांटम’ शब्द छापून चुंबकीय कडी विकणाऱ्यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही.)

रॉबिनच्या डोळ्यातलं क्रिप्टोक्रोम-४ (या प्रथिनाचा एक प्रकार) हे कोंबडी-कबुतराच्या क्रिप्टोक्रोमपेक्षा चुंबकाला जास्त संवेदनशील असतं, असं २०२१ साली दिसलं. ते परीक्षानळीत, आणि पृथ्वीपेक्षा पुष्कळ प्रबळ क्षेत्रात. जिवंत डोळ्यातला पुरावा अजून यायचाय.

आता लहरी. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या आवारात लाकडी खोपटांत ठेवलेले रॉबिन काही केल्या दिशा धरेनात. खोपटांना आतून अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकून अर्थिंग दिलं, तसे ताळ्यावर आले. २०१४ साली छापलेल्या या प्रयोगात गुन्हेगार निघाला ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झमधला विजेच्या उपकरणांचा आणि एएम रेडिओचा गोंगाट. पुढे ब्लॅककॅप पक्ष्यांवर १४०-१५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडून पाहिल्या, त्यांना फरक पडला नाही. मोबाइलच्या लहरी त्याहून कितीतरी जास्त मेगाहर्ट्झच्या.

मुंबईकरांना हे ओळखीचं वाटावं. कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं १९०४ साली अलिबागला हलवली गेली, कारण शहरात विजेची ट्राम येणार होती आणि तिच्या प्रवाहाने सुया नाचल्या असत्या. कारण वेगळं, तक्रार मात्र रॉबिनचीच.

काकांनी हे सगळं ऐकलं आणि विचारलं, “मग हा धोबी ना?” नाही. धोबी पक्षी शेपटी वर-खाली आपटतो, हा ती थरथरवतो. सकाळी आठच्या आसपास कठड्यावर, बांधकामाच्या विटांच्या ढिगावर बघा. मादी मातकट, तिची फक्त शेपटी तांबूस.