लिलावातून जुनी शिलाई मशीन घेताना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सोलापूर आणि परिसरात गणवेश शिवणारे लहानमोठे कारखाने बरेच आहेत. त्यांतील एखादा बंद पडला किंवा मालकाने नवी यंत्रसामग्री घेतली, की जुन्या मशीन जाहीर लिलावात निघतात. घरून शिवणकाम वाढवू पाहणाऱ्या भगिनी, बचत गट आणि छोटे बुटीकवाले आमच्याकडे दुरुस्तीसाठी येतात, तेव्हा अशा लिलावात उतरावे की नाही हे हमखास विचारतात. उतरावे, असेच आमचे मत आहे; मात्र भाव लिलावाच्या दिवशी नव्हे, तर मालपाहणीच्या दिवशी ठरवून यावे. बोलीच्या वेळी आपले काम एवढेच उरते, की ठरवलेल्या आकड्यावर थांबायचे.

जाहिरातीत ‘जसे आहे, जेथे आहे’ असे शब्द असतात. विकत घेतल्यानंतर मशीन बिघडलेली निघाली, मोटर जळालेली निघाली किंवा शटल (सुईचा दोरा पकडून खालच्या दोऱ्यात गुंफणारा भाग) गायब असले, तरी विकणाऱ्यावर सहसा कोणतीही जबाबदारी येत नाही, असा त्यांचा व्यवहारातील अर्थ आहे. म्हणून पाहणीसाठी दिलेला दिवस चुकवू नये. त्या दिवशी टॉर्च, छोटा स्क्रू-ड्रायव्हर, नव्या सुया, भरलेले बॉबिन आणि आपण रोज शिवतो त्याच कापडाचे दोन तुकडे सोबत न्यावेत. बंद कारखान्यात बऱ्याचदा वीज तोडलेली असते. पण त्यामुळे साधी मशीनही तपासता येत नाही, हा गैरसमज आहे.

साधी सिंगल नीडल (एका सुईची) मशीन हाताने फिरवूनही पुष्कळ काही सांगते. चाकाचा वरचा भाग आपल्याकडे येईल अशा दिशेने ते सावकाश फिरवावे. पूर्ण फेऱ्यात ते सारख्याच हलकेपणाने फिरले पाहिजे. दर फेऱ्याला एकाच जागी अडत असेल, तर शटलमध्ये दोरा अडकलेला असतो किंवा आतला एखादा भाग वाकलेला असतो. पहिली गोष्ट काही मिनिटांत सुटते, दुसरी खिशाला चांगलीच लागते. त्यानंतर सुईची दांडी चिमटीत धरून पुढे-मागे हलवून पाहावी. ती खुळखुळत असेल, तर बुश (दांडी ज्यांतून सरकते त्या धातूच्या नळ्या) झिजलेले आहेत. परवानगी घेऊन सुईखालची पट्टी काढावी. दात्यांची टोके बोटाला बोचली पाहिजेत. गुळगुळीत झालेले दाते कापड नीट पुढे सरकवत नाहीत आणि टाका लहानमोठा पडतो. शटलच्या टोकावरून नख फिरवावे. टोक बोथट किंवा ओरखडलेले असेल, तर दोरा तुटत राहणार.

यापुढची तपासणी बहुतेक जण करत नाहीत, पण आम्ही तिलाच सर्वांत जास्त महत्त्व देतो. आपण नेलेली सुई लावून चाक फिरवावे. सुई सर्वांत खाली जाऊन साधारण दोन मिलिमीटर वर आली, की शटलचे टोक सुईच्या मागच्या खाचेशी येऊन पोहोचले पाहिजे. सुई आणि टोक यांच्यामध्ये बारीक फट असावी, ती पातळ कागदाच्या जाडीपेक्षा जास्त नसावी. टोक उशिरा किंवा लवकर येत असेल, तर टायमिंग बिघडलेले आहे. ते बसवता येते, पण कुणीतरी आधी घाईत सैल करून सोडले आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. शेवटी मशीन मागे कलवून तेलाची तबकडी पाहावी. स्वच्छ तेल असणे ही चांगली खूण आहे. तेल काळेकुट्ट असून त्यात धातूची चमक दिसली, तर मशीन बरेच दिवस निष्काळजीपणे पळवलेली आहे.

मोटर पाहताना नामपट्टी जरूर वाचावी. कारखान्यातील अनेक मोटरी थ्री-फेज विजेवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालतात, आणि घरचे कनेक्शन सहसा सिंगल-फेज, २३० व्होल्टचे असते. अशी मोटर घरी निरुपयोगी ठरते, म्हणून तिच्या बदलीचा खर्च भावात आधीच धरावा. शिवाय जुनी क्लच मोटर शिवण थांबलेली असतानाही फिरत राहते आणि वीज घेते. सर्वो मोटर पाय दाबल्यावरच फिरते. कंट्रोल बॉक्स असलेल्या नव्या धर्तीच्या मशीन वीज नसताना तपासता येत नाहीत, तेव्हा तो बॉक्स बिघडलेला आहे असे समजूनच बोली ठरवावी. ओव्हरलॉक (कापडाची कड कापून शिवणारी मशीन) घ्यायची असेल, तर लूपरची, म्हणजे दोरा गुंफणाऱ्या आकड्यांची, टोके आणि दोन्ही चाकू नीट पाहावेत. काज मशीनच्या वाट्याला, ओळखीचा मिस्त्री हाताशी नसेल तर, जाऊच नये.

मर्यादा कशी काढावी, हे एका उदाहरणाने सांगतो; आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, एका लॉटमध्ये (एकत्र विकायला काढलेल्या गटात) चार सिंगल नीडल मशीन आहेत आणि पाहणीत एक मशीन फक्त सुट्या भागांसाठीच उपयोगी दिसली. उरलेल्या तीन चालू झाल्यावर प्रत्येकी १४,००० रुपये किमतीच्या ठरतात, म्हणजे एकूण ४२,००० रुपये. त्यातून दुरुस्तीचे ४,५००, दोन मोटरींचे ८,००० आणि टेम्पो-हमालीचे ३,५०० रुपये वजा केले, की २६,००० उरतात. कर आणि लिलावाचे शुल्क मिळून १० टक्के होत असेल, तर आपली शेवटची बोली २३,५०० रुपये. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवावा, कारण पुढचा माणूस ‘अजून पाचशे’ म्हणतो तेव्हा डोक्यातला आकडा हळूच सरकतो.

लिलावाला येणारा भंगारवाला मशीनचा भाव वजनावर आणि मोटरीतल्या तांब्यावर धरतो, त्यामुळे चालू मशीनसाठी तो फार वर जात नाही. खरी स्पर्धा जुन्या मशीनच्या व्यापाऱ्यांची असते, आणि तेही विक्रीतला नफा राखूनच बोली लावतात. स्वतः वापरणाऱ्याला तो नफा काढायचा नसल्याने एक-दोन पायऱ्या जास्त जाणे परवडते. आपली ताकद तिथेच आहे.

मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार, लॉट वेगवेगळे विक्रीस काढले असतील, तर प्रत्येक लॉटची विक्री सर्वसाधारणपणे स्वतंत्र व्यवहार मानली जाते. हातोडा पडला किंवा ‘तीन वार’ झाले, की विक्री पूर्ण होते, आणि तोपर्यंत बोली मागे घेता येते. तथापि बोली मागे घेतल्यास अनामत रक्कम जप्त करण्याची अट पुष्कळ ठिकाणी छापलेली असते, ती आधी वाचावी. विकणाऱ्याने स्वतः बोली लावण्याचा हक्क जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर त्याला बोली लावता येत नाही. भाव चढवण्यासाठी त्याने खोट्या बोल्या लावल्या, तर खरेदीदाराला विक्री रद्द करण्याचा पर्याय कायदा देतो.

बचत गटाच्या नावाने खरेदी करायची असल्यास ठराव आणि अधिकारपत्र सोबत असावे. आपली जीएसटी नोंदणी असेल, तर बिलावर आपला क्रमांक लिहून घ्यावा. पाहणीच्या दिवशीच प्रत्येक मशीनचा अनुक्रमांक टिपून तिचे फोटो काढावेत. पाहणी आणि ताबा यांच्या मधल्या काळात बॉबिन केस, कापड दाबणारे पाय आणि वायरी हमखास नाहीशा होतात, आणि फोटो दाखवता आला तरच निदान विचारणा करता येते. पैसे भरण्याची आणि माल उचलण्याची मुदत टळली, तर जागेचे भाडे लागू होऊ शकते. टेम्पो आदल्या दिवशीच ठरवून ठेवावा.

आम्ही ग्राहकांसोबत मालपाहणीला येतो आणि प्रत्येक मशीनमागे ठरलेले शुल्क घेतो. बोलीच्या रकमेवर टक्केवारी घेत नाही, कारण तसे केल्यास भाव चढण्यात आमचाही फायदा होईल. आपल्या वतीने बोली आम्ही लावत नाही. खरेदीनंतर तेल बदलणे, टायमिंग बसवणे आणि मोटर बदलणे ही कामे कार्यशाळेत होतात. मात्र मशीन आणण्यापूर्वी तबकडीतले तेल काढून टाकावे, नाहीतर टेम्पोत ते कापडाच्या गठ्ठ्यांवर सांडते.