बाह्यक-विकासदोष : मेंदूच्या एमआरआयमधील खुणा

मेंदूचे बाह्यक, म्हणजे वरचा करडा थर, गर्भात घडत असताना राहिलेले दोष. चेतापेशी मेंदूतल्या पोकळ्यांच्या भिंतीलगत तयार होतात, तिथून पृष्ठभागाकडे सरकतात आणि थराथराने बसतात. यांतली कोणती पायरी बिघडली त्यावरून प्रकार ठरवण्याची पद्धत रेडिओलॉजिस्ट बार्कोविच व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडली.

बरीच मुले आकडीमुळे तपासणीला येतात. गोव्यातूनच नव्हे, दोडामार्ग-सावंतवाडीकडूनही पालक मुलाला घेऊन बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठतात.

लिसेन्सेफलीत वळ्या जवळजवळ नसतात. एरवी अडीच ते चार मिलिमीटरचे बाह्यक १० मिलिमीटरहून जाड दिसते. लिस-१ जनुकाच्या दोषात मेंदूचा मागचा भाग जास्त गुळगुळीत, डीसीएक्स जनुकाच्या दोषात पुढचा. डीसीएक्स एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलींमध्ये बहुधा बाह्यकाखाली करड्या द्रव्याचा दुसरा पट्टा आढळतो. हेटरोटोपियात पेशी वाटेतच अडकतात. पोकळीलगतच्या त्यांच्या गाठी एमआरआयच्या प्रत्येक सीक्वेन्सवर (चित्र घेण्याच्या पद्धतीवर) बाह्यकासारख्याच दिसतात, कॉन्ट्रास्टने (शिरेतून दिलेल्या औषधाने) उजळत नाहीत. स्किझेन्सेफलीतली फट पृष्ठभागापासून पोकळीपर्यंत जाते आणि तिच्या कडांना करडे अस्तर असते. पॉलीमायक्रोजायरियात वळ्या बारीक व दाट असतात, बहुधा मेंदूच्या बाजूच्या खोल सिल्व्हियन खाचेभोवती. गर्भातला सायटोमेगालोव्हायरसचा संसर्ग हे त्याचे एक कारण.

सर्वांत जपून पाहावा लागतो तो फोकल कॉर्टिकल डिस्प्लेसिया, म्हणजे बाह्यकाच्या एखाद्याच भागातली सदोष घडण. टेलर व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये त्याचे वर्णन केले. एखाद्याच खाचेच्या तळाशी बाह्यक किंचित जाड, करडे बाह्यक व त्याखालचे पांढरे द्रव्य यांतली सीमा पुसट, एवढीच खूण असू शकते. त्याच्या दुसऱ्या प्रकारात (टाइप-२) कधी फ्लेअर या सीक्वेन्सवर बाह्यकापासून पोकळीकडे निमुळती होत गेलेली उजळ रेघ दिसते. हा डाग सापडणे फार मोलाचे, कारण औषधांना न जुमानणारी आकडी तो काढल्यावर थांबू शकते. त्यासाठी एक मिलिमीटर जाडीचे त्रिमितीय टी-१ व फ्लेअर सीक्वेन्स हवे. आकडीची सुरुवात शरीराच्या कुठल्या बाजूने होते, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काय सांगतो, हे रेडिओलॉजिस्टला आधी कळवायलाच हवे. नेमके कुठे पाहायचे ते त्यावरून ठरते.

तान्ह्या बाळाचा एमआरआय वाचणे त्याहून कठीण. चेतातंतूंवर मायलिन हे स्निग्ध आवरण चढत असताना करड्या-पांढऱ्यातला फरक काही महिने जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून पहिल्या वर्षातला ‘नॉर्मल’ रिपोर्ट अखेरचा मानू नये. आकडी चालूच राहिली तर मूल दोन वर्षांचे झाल्यावर तपासणी पुन्हा करावी. जुन्या तपासणीची सीडीही पालकांनी जपावी, कारण वयाच्या सहा महिन्यांच्या आत दिसलेला दोष पुढे मायलिनखाली झाकला जाऊ शकतो.