स्पोर्ट्स कार, बर्फाचा उतार आणि काच होणारं रबर

पिंपरी-चाकणच्या कारखान्यांतून म्युनिक-स्टुटगार्टला गेलेल्या मंडळींच्या डोक्यात वर्षा-दोन वर्षांत एक किडा वळवळू लागतो: आता एक स्पोर्ट्स कार घ्यायची. रोज ऑफिसला न्यायची, शनिवार-रविवारी आल्प्सकडे पळवायची. मग कुणीतरी हमखास सांगतं, ‘ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ओढ) घे, हिवाळ्याचं टेन्शनच नाही.’ हा सल्ला अर्धा खरा आहे आणि गोची उरलेल्या अर्ध्यात आहे.

१२ टक्क्यांचा चढ घ्या, म्हणजे आडवं १०० मीटर गेल्यावर १२ मीटर वर. आल्प्सकडच्या गावांत असे रस्ते सर्रास असतात. त्यावर दबलेला बर्फ आहे आणि चांगल्या हिवाळी टायरसह घर्षणांक (चाकावरच्या भाराच्या किती पट पकड मिळते तो आकडा) ०.२ धरू. चढताना फक्त इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवरचा भार कामी येतो. माझदा एमएक्स-५ मध्ये इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना आणि वजन दोन्हीकडे जवळपास निम्मंनिम्मं. चढावर वजन जरा मागे सरकतं ते धरूनही ती साधारण साडेदहा टक्क्यांचा चढ चढेल, मग चाकं जागच्या जागी फिरतील. पोर्श ९११ चं इंजिन मागच्या धुरेच्याही मागे असतं, त्यामुळे साठ टक्क्यांहून थोडं जास्त वजन मागे. ती पावणेतेरा टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे हा चढ ती काठावर पास होते. चारही चाकांना ओढ असलेली टोयोटा जीआर यारिस किंवा ९११ कॅरेरा ४ थेट वीस टक्क्यांपर्यंत. इथवर सल्ला बरोबर.

आता त्याच रस्त्याने खाली या. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. घर्षण देतंय ०.२, उतार खेचतोय ०.१२, हातात उरलं ०.०८. ताशी ३० किमी वेगातली गाडी सपाट बर्फावर सुमारे १८ मीटरमध्ये थांबली असती, ती या उतारावर ४४ मीटर घेते. एमएक्स-५ लाही ४४ आणि कॅरेरा ४ लाही ४४. फरक इतकाच, की एमएक्स-५ मुळात वर पोचलीच नव्हती! याच उतारावर गाडीला उन्हाळी टायर असतील आणि घर्षणांक ०.१ वर आला, तर हिशेब उणे होतो. ब्रेक कितीही दाबा, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) कितीही कडकडू दे, वेग वाढतच जातो.

म्हणून गाडी निवडताना प्रश्न इंजिनाच्या आधी रबराचा येतो. आणि रबर ही चीज फार मजेशीर आहे.

रबराचे रेणू म्हणजे उकडलेल्या शेवयांसारखा लांब साखळ्यांचा गुंता. उबेत या साखळ्या सतत वळवळत असतात, म्हणून रबर लवचीक. तापमान उतरत गेलं की वळवळ मंदावते आणि एका टप्प्याखाली ती गोठते. रबर काचेसारखं कडक, ठिसूळ होतं. या टप्प्याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. नैसर्गिक रबराचं ते उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास, पॉलिब्युटाडाइन या कृत्रिम रबराचं उणे १०० च्या आसपास. स्टायरीन-ब्युटाडाइन रबरात स्टायरीन वाढवत नेलं की ते उणे ५० पासून उणे २० पर्यंत चढतं.

कुणी म्हणेल, म्युनिकमध्ये उणे १० झालं तरी खूप, मग काळजी कसली? गंमत इथेच आहे. हे आकडे रबराला सावकाश हलवून मोजलेले असतात. रस्त्यावर टायर ब्रेकखाली सेकंदाला एक मीटर घसरतोय असं धरा. डांबरातले एक मिलिमीटरचे उंचवटे रबराला सेकंदाला हजार ठोसे देतात. त्यांच्यावरची शंभरावा भाग मिलिमीटरची खरखर देते एक लाख. इतक्या घाईत साखळ्यांना वळायला सवड मिळत नाही, त्यामुळे रबराच्या दृष्टीने झटपट ठोसा म्हणजे थंडीच. ठोशांचा वेग दहापट झाला की काच होण्याचा टप्पा काही अंशांनी वर सरकतो. पाच-सहा वेळा दहापट झालं की प्रयोगशाळेत उणे ३० ला काच होणारं रबर रस्त्यावर शून्याच्या आसपासच काचेसारखं वागू लागतं.

आणि मुद्दाम असं रबर वापरतात, कारण काच होण्याच्या जरा अलीकडेच रबर सर्वांत जास्त ऊर्जा गिळतं. उंचवट्याने दाबलं, तर ते चटकन परत उसळत नाही, रेंगाळतं. ओल्या रस्त्यावरची पकड बरीचशी या रेंगाळण्यातून येते. टायर कंपन्या शून्य अंशाजवळ रबर किती ऊर्जा गिळतं हे मोजून ओली पकड ताडतात आणि ६० अंशांना किती गिळतं यावरून टायर इंधन किती खाईल ते. स्पोर्ट्स कारच्या उन्हाळी टायरचं रबर या कड्याच्या अगदी काठावर नेऊन ठेवलेलं असतं. जुलैत जे गुण, तेच जानेवारीत दोष. अमेरिकेत काही उत्पादक लेखी बजावतात, की असे टायर उणे ७ अंशांखाली गारठलेले असतील तर गाडी हलवू नका, रबराला तडे जातात. गॅरेजबाहेर उघड्यावर रचून ठेवलेल्या टायरांनाही हे लागू आहे.

हिवाळी टायरमध्ये ब्युटाडाइन आणि नैसर्गिक रबराचा वाटा वाढवून तो काठ खूप खाली ढकलतात. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी बारीक चिरा असतात, एक मिलिमीटरहूनही अरुंद. अंगठ्याने ठोकळा रेटून पाहा, चिरा उघडतात आणि प्रत्येकीची कड वर येते. याच कडा बर्फात रुततात. खाचांमध्ये बर्फ मुद्दाम भरू देतात, कारण बर्फ बर्फाला रबरापेक्षा चांगलं धरतो. दोन मुठींतला भुसभुशीत बर्फ एकमेकांवर दाबून पाहा.

‘७ अंशांखाली उन्हाळी टायर निकामी’ हा नियमही मंत्रासारखा घोकू नये. कोरड्या रस्त्यावर ५ अंशांनाही चांगला उन्हाळी टायर हिवाळी टायरपेक्षा आधी थांबवू शकतो. पण सकाळी कोरडा असलेला रस्ता संध्याकाळी पांढरा होतो आणि टायर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बदलता येत नाहीत.

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडण्याची प्रथा परदेशातही निष्ठेने पाळली जाते. लिंबाकडे बघता बघता टायरच्या कुशीवरचं चिन्हही बघून घ्यावं: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, म्हणजे बर्फाच्या चाचणीत पास झालेला टायर. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर हे चिन्ह नसलेला नुसता ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल-बर्फ) छापलेला टायर चालत नाही. साल्झबुर्गकडे जाणार असाल तर ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, रस्ता बर्फाळ असेल तेव्हा, किमान ४ मिमी नक्षी लागते. आणि टायरमधल्या नायट्रोजनसाठी जादा पैसे कशाला? हवेत तो ७८ टक्के फुकटच असतो. प्रेशर मात्र तपासा: २० अंशांना भरलेले २.४ बार उणे ५ अंशांना २.१ होतात.

आता गाडी. शहरात आणि सपाटीवर राहणाऱ्याला एमएक्स-५ सारखी हलकी, मागची ओढ असलेली गाडी बारा महिने पुरते. तिच्या काही आवृत्त्यांत लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ओढ देणारी दोन चाकांमधली गिअरपेटी) मिळतं, तीच शोधावी. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक बर्फावर आलं की दुसऱ्यालाही तेवढीच क्षीण ओढ मिळते. हिवाळ्यासाठी लहान रिम घ्यावी: २०५/४५ आर १७ ऐवजी १९५/५० आर १६ (रुंदी मिलिमीटरमध्ये, कुशीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). टायर अरुंद, कूस जाड, खड्ड्यात रिम वाकण्याची भीती कमी. दोन्ही मापं कंपनीने दिलेली आहेत, पण आपल्या गाडीच्या सीओसी कागदावर (कंपनीचं अनुरूपता प्रमाणपत्र) ते माप आहे ना, आणि मोठ्या ब्रेकच्या कॅलिपरवर लहान रिम बसते ना, हे आधी पाहावं. चाकं बदलल्यावर ५० किमीने नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे.

घरच चढावर असेल तर जीआर यारिस किंवा जुनी ऑडी टीटी क्वाट्रो. चार चाकांच्या ओढीत चारही टायर सारखे झिजलेले हवेत. पुढे नवे आणि मागे गोटा झालेले असले की त्यांचा घेर वेगळा पडतो आणि दोन धुरांमधला क्लच सतत घासून तापतो.

‘फक्त मागे दोन हिवाळी टायर टाकले तर चालेल ना?’ नाही. गाडी निघेल झकास, पण वळणार नाही आणि थांबणार नाही. पुढच्या ओढीच्या गाडीत फक्त पुढेच टाकले, तर वळणावर शेपूट पुढे येते.

जमिनीपासूनची उंचीही मोजून घ्यावी. बहुतेक स्पोर्ट्स कारचं पोट १२-१३ सेंटीमीटरवर असतं. साचलेला बर्फ त्याहून उंच झाला की गाडी पोटावर टेकते, चाकांवरचं वजन उतरतं, मग टायर कोणतेही असोत.

जुनी गाडी बघायला जाताना खिशात दोन युरोचं नाणं ठेवावं. त्याची चंदेरी कड सुमारे ४ मिमी रुंद असते. नाणं खाचेत उभं घालायचं. कड पूर्ण बुडाली नाही, तर नव्या टायरांचे पैसे किमतीतून वजा करायला सांगायचं.