मक्याचा घाम आणि मध्यरात्रीचा पाऊस

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या पूर्व भागात बेंटन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला तालुका आणि जिल्हा यांच्या मधलं काहीतरी. मुख्य गाव विंटन, सिडर नदीच्या काठी, वस्ती जेमतेम पाच हजार. बाकी सगळीकडे मका आणि सोयाबीन, मैलामैलावर काटकोनात छेदणारे खडीचे रस्ते आणि धान्याच्या पत्र्याच्या गोल कोठ्या. जुलै-ऑगस्टमध्ये एसीतल्या गाडीतून इथे खाली पाय ठेवला की चष्म्याच्या काचा क्षणात धुरकट होतात. मालवणात किंवा रत्नागिरीत होतं तसंच. फक्त इथून समुद्र १४०० किलोमीटर लांब आहे.

हा दमटपणा येतो दोन ठिकाणांहून. मोठा वाटा मेक्सिकोच्या आखाताचा. तिथलं बाष्प दक्षिणेच्या वाऱ्यांवर बसून सपाट मैदानातून थेट वर येतं, वाटेत अडवायला काही नाही. दुसरा वाटा खुद्द पिकाचा. मका मुळांनी ओढलेलं पाणी पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून हवेत सोडतो. ऐन वाढीतला एक एकर मका दिवसाला सुमारे ११ ते १५ हजार लिटर पाणी असं उडवतो. आपल्याकडे दुष्काळी गावात जो पाण्याचा टँकर येतो, तो एकेका एकरामागे रोज रिकामा होतोय असं समजा. मक्याच्या एका ताटाच्या, म्हणजे रोपाच्या, वाट्याला जेमतेम दोन फुलपात्री पाणी येतं, पण एकरी ताटं तीस हजारांच्या वर असतात, आणि आयोवात मका असतो साधारण १ कोटी ३० लाख एकरांवर. तिथले लोक याला ‘मक्याचा घाम’ म्हणतात. तुरा यायच्या सुमारास दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो आकडा, कधी कधी २४-२५ अंश सेल्सियसपर्यंत चढतो, म्हणजे पावसाळ्यातल्या मुंबईच्या तोडीचा. अशा हवेत रात्रही थंड होत नाही, कारण बाष्प जमिनीची उष्णता सहजी निसटू देत नाही.

या काउंटीच्या हवेत तिची स्वतःची भर म्हणजे हा मक्याचा घाम, एवढीच, असं मला वाटतं. बाकी सगळं पाहुणं. उन्हाळ्यात आखात येतं, हिवाळ्यात आर्क्टिक येतं. आपल्या डोक्यावर हिमालय आडवा पडलाय म्हणून सायबेरियाची थंडी पुण्या-नाशिकपर्यंत पोचत नाही. अमेरिकेतले रॉकी पर्वत मात्र उत्तर-दक्षिण उभे. ते पॅसिफिकचं बाष्प अडवतात, पण कॅनडाकडून घसरत येणाऱ्या गार हवेला वाट मोकळीच राहते. त्यात हवेचे झोके मऊ करायला जवळ समुद्र नाही. बेंटन काउंटी अक्षांशाने जवळपास रोमच्या रेषेत आहे, पण रोमच्या हिवाळ्याशी तिचं काही नातं नाही. आयोवातला उच्चांक ४७.८ अंश, १९३४ च्या जुलैत किओकक इथे नोंदलेला. नीचांक उणे ४४, १९९६ च्या फेब्रुवारीत एल्केडरला. दोन्ही गावं त्याच राज्यातली आणि फरक जवळपास ९२ अंशांचा! जमीनही गोठते. म्हणून तिथे घराचा पाया साडेतीन फूट खाली न्यावा लागतो, नाहीतर गोठून फुगणारी माती तो वर उचलते.

वसंतात शेतकऱ्याचं लक्ष आभाळापेक्षा मातीकडे असतं. चार इंच खोलीवर माती १० अंशांच्या आसपास आली आणि वाफसा झाला की पेरणी. एप्रिलची अखेर ते मेचा मध्य. घाई केली तर बी गारठून कुजतं, उशीर केला तर ऑक्टोबरातलं पहिलं हिमदव दाणा भरायच्या आत गाठू शकतं. वर्षाला ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराचसा एप्रिल ते सप्टेंबरात.

पण गंमत त्या पावसाच्या वेळेत आहे. आपला वळीव दुपारी तापून संध्याकाळी कोसळतो. आयोवातला उन्हाळी पाऊस बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर येतो, सूर्य बुडून पाच-सहा तास झालेले असताना. वादळं जन्मतात दुपारीच, पण पश्चिमेला रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या उंच मैदानांवर. तिथून ती पूर्वेकडे सरकतात. वाटेत विझून जायला हवीत, पण रात्र त्यांना इंधन पुरवते. दिवसा तापलेली जमीन हवा ढवळत असते आणि त्या घुसळणीत वाऱ्याला एक प्रकारचा ब्रेक लागतो. अंधार पडला की ढवळणं थांबतं, आणि जमिनीपासून काहीशे मीटर उंचीवर दक्षिणेचा वारा मोकाट सुटतो. खाली अंगणात झाडाचं पान हलत नाही आणि वर आखाताच्या बाष्पाचा लोंढा वाहत असतो. हवामानतज्ज्ञ त्याला ‘लो-लेव्हल जेट’ म्हणतात. छोटी वादळं त्या बाष्पावर पोसून एकमेकांत मिसळतात, मैलोन्‌मैल रांग धरतात आणि गाव गाढ झोपेत असताना विजांसकट येऊन धडकतात.

अशीच एखादी रांग बिथरली तर काय होतं ते १० ऑगस्ट २०२० ला दिसलं, तेही भर दिवसा. वादळांच्या रांगेतून खाली आदळलेली थंड हवा जमिनीवर पसरत पुढे धावली. साउथ डकोटापासून ओहायोपर्यंत सुमारे १२४० किलोमीटर, चौदा तासांत. बेंटन काउंटीतल्या ॲटकिन्स गावाजवळ ताशी २०३ किलोमीटरचा झोत मोजला गेला. शेजारच्या सिडर रॅपिड्स शहरात वेग २२५ पर्यंत गेला असावा, असा नुकसानीवरून अंदाज आहे. टोर्नेडो काही मिनिटांत निघून जातो. हा वारा अनेक ठिकाणी अर्धा ते पाऊण तास घोंघावत राहिला. अशा सरळ रेषेत धावणाऱ्या वादळाला ‘देरेचो’ म्हणतात. हा स्पॅनिश शब्द या अर्थाने रूढ केला तो आयोवाच्याच विद्यापीठातल्या गुस्टावस हिनरिक्स या प्राध्यापकाने, १८८८ साली. गोल फिरणारा टोर्नेडो आणि सरळ धावणारा देरेचो यांचं नुकसान वेगळं दिसतं, हे त्याने पडझडीचे नकाशे मांडून दाखवलं होतं.

त्या दिवशी धान्याच्या कोठ्या पत्र्याच्या डब्यासारख्या चेपल्या आणि मका एकाच दिशेला भांग पाडल्यासारखा आडवा झाला. जूनमधला कोवळा मका आडवा पडला तर ताट बदकाच्या मानेसारखं वाकून पुन्हा वर येतं. ऑगस्टात तुरा येऊन गेल्यावर ताटाची वाढ थांबलेली असते, मग ते जिथे पडतं तिथेच राहतं. कापणी यंत्राच्या तोंडात न शिरणारं असं कितीतरी पीक शेतकऱ्यांनी कणसांसकट मातीत गाडून टाकलं. २०२१ च्या उन्हाळ्यात त्याच रानांमध्ये सोयाबीनच्या ओळींत मका उगवून आला, तण म्हणून.