जुन्या ट्रकचा स्टेअरिंग पंप का कण्हतो?

गाळप हंगामात सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात उसाने भरलेले जे ट्रक दिसतात, त्यांतले बरेचसे लांब पल्ल्याच्या वाहतुकीतून बाहेर पडलेले, वय झालेले असतात. त्यांचे इंजिन बांधून घेतले जाते, ब्रेक बदलले जातात, टायर रिमोल्ड केले जातात. पण स्टेअरिंगच्या टाकीतले तेल मात्र वर्षानुवर्षे केवळ वरून भरले जाते. मग एके दिवशी कारखान्याच्या वजनकाट्याजवळ गाडी जागच्या जागी वळवताना बॉनेटखालून ‘घूंऽऽ’ असा चढता आवाज येऊ लागतो, आणि ‘पंप गेला’ असे निदान होऊन जाते. नवा पंप बसतो, चार दिवस शांतता राहते, आणि तोच आवाज पुन्हा सुरू होतो. असे घडण्याचे कारण साधे आहे: पुष्कळदा दोष पंपात नसतोच, तो पंपापर्यंत तेल पोहोचवणाऱ्या वाटेवर असतो. आवाज हा त्या वाटेवरच्या अडचणीचा पुरावा असून तो नीट वाचता आला, तर पंपाला हात लावण्याआधीच खरे कारण हाती लागू शकते.

तेलाच्या दाबाने स्टेअरिंग हलके करणाऱ्या या यंत्रणेची, म्हणजे पॉवर स्टेअरिंगची, गरजच मुळात अवजड वाहनांमुळे भासली. अमेरिकेत पिअर्स-अॅरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेले अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारे स्टेअरिंग गाडीवर बसवून दाखवले. विक्रीच्या प्रवासी मोटारीत ते यायला मात्र १९५१ साल उजाडले. ट्रकच्या पुढच्या आसावर सहा-सात टन भार असू शकतो. गाडी चालती असताना चाक फिरत-फिरत वळते, पण गाडी उभी असताना वळवायचे झाले तर टायरचा जमिनीला टेकलेला सगळा पट्टा घासत फिरवावा लागतो. म्हणजे स्टेअरिंगला सर्वांत जास्त ताकद लागते ती नेमकी गाडी थांबलेली, इंजिन मंद आणि त्यामुळे पंपही मंद असताना. उसाच्या फडातल्या मऊ जमिनीत भरलेली गाडी मागे-पुढे करून काढणे ही या पंपाची सर्वांत कठीण परीक्षा होय.

बहुतेक ट्रकांवर पात्यांचा पंप असतो. मधोमध खाचा पाडलेला रोटर, प्रत्येक खाचेत आत-बाहेर सरकणारे एक पातळ पाते, आणि या सगळ्याभोवती आतून लंबगोल असलेले पोलादी कडे, अशी त्याची रचना असते. रोटर फिरला की पाती बाहेर फेकली जाऊन कड्याच्या आतल्या भिंतीला टेकतात. दोन पात्यांमधला कप्पा लंबगोलाच्या रुंद भागाकडे सरकताना मोठा होतो आणि तेल ओढून घेतो. अरुंद भागाकडे सरकताना लहान होतो आणि ते तेल दाबून पुढे ढकलतो. एका फेऱ्यात हे दोनदा घडते. पाती सामान्यतः दहा असतात आणि समोरासमोरचे दोन कप्पे एकाच वेळी तेल ढकलतात, म्हणजे एका फेऱ्यात दहा ठोके पडतात. त्यामुळे पंप मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल, तर दाबाच्या बाजूला सेकंदाला २०० ठोके पडतात. फेरे दुप्पट झाले की ठोकेही दुप्पट होतात. अॅक्सिलरेटर दाबताच आवाजाची पट्टी चढते ती यामुळे. निरोगी पंपातही हे ठोके असतातच, फक्त ते इतके गुळगुळीत असतात की इंजिनाच्या आवाजात विरून जातात. म्हणून हा सूर अचानक इतका मोठा का झाला, असा प्रश्न विचारावा लागतो.

त्याचे उत्तर पंपाच्या दोन बाजूंमधल्या विषमतेत आहे. प्रेशर पाइपात पंप शंभर-दीडशे बार दाब निर्माण करू शकतो, पण सक्शन पाइपातून तेल आत यायला त्याच्या पाठीशी केवळ वातावरणाचा एक बार दाब आणि टाकी वर बसवल्याने मिळणारा थोडासा उतार एवढेच बळ असते. आपण ‘पंप तेल ओढतो’ असे म्हणतो खरे, पण पंप फक्त जागा रिकामी करतो आणि बाहेरची हवा तेलाला त्या जागेत ढकलते. हे ढकलणे एक बारापेक्षा जास्त कधीच होऊ शकत नाही. त्यामुळे दाबाच्या बाजूला क्षुल्लक वाटेल अशी अडचण, म्हणजे अर्धवट तुंबलेला फिल्टर, किंचित दबलेला पाइप किंवा थंडीने घट्ट झालेले तेल, सक्शनच्या बाजूला पंपाला उपाशी ठेवायला पुरेशी ठरते.

पंप उपाशी राहिला की तेलात बुडबुडे तयार होतात. नेहमीच्या हवेच्या दाबाला खनिज तेलात त्याच्या आकारमानाच्या सुमारे नऊ टक्के हवा विरघळलेली असते. विरघळलेली असेपर्यंत ती निरुपद्रवी असते, पण दाब घटला की सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यासारखी बाहेर पडते. दाब आणखी उतरला तर खुद्द तेलातल्या हलक्या घटकांची वाफ होऊन पोकळ्या बनतात. शिवाय सक्शनच्या जोडातून बाहेरची हवा शिरत असेल तर ती वेगळीच. बुडबुडा कोणत्याही मार्गाने आलेला असो, पुढे त्याचे एकच होते: क्षणार्धात तो एक बाराहून कमी दाबातून शंभर बाराच्या कप्प्यात जातो आणि चिरडला जातो. वाफेची पोकळी तर पूर्ण मिटते आणि भोवतालचे तेल त्या जागी इतक्या वेगाने आदळते की जवळच्या धातूवर सूक्ष्म घण बसतो. अशा मिटणाऱ्या पोकळीत किती प्रचंड दाब निर्माण होतो याचे गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले. त्यामागे जहाजांचे पंखे झिजण्याचा प्रश्न होता, आणि तीच झीज छोट्या प्रमाणात स्टेअरिंगच्या पंपात होते. हवेच्या बुडबुड्याचे नुकसान निराळे असते. हवा झटक्यात दाबली की तापते, आणि एका बारावरून शंभर बारावर जाताना, उष्णता बाहेर जायला वेळच मिळाला नाही असे धरले, तर कागदावरचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. प्रत्यक्षात बरीच उष्णता भोवतालचे तेल शोषून घेते, तरीही बुडबुड्याला लागून असलेला तेलाचा थर करपतो. लाल तेल काळपट होऊन त्याला जळका वास येतो, त्याचे हे एक कारण आहे.

आता आवाजाकडे वळू. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारा सलग कण्हण्याचा सूर, जो स्टेअरिंग सरळ असतानाही ऐकू येतो, तो तेलातल्या हवेकडे बोट दाखवतो. त्यात खडे खळखळल्यासारखी खरखर मिसळली असेल, तर सक्शनची वाट अडली असण्याची शक्यता मोठी. स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवून धरल्यावरच येणारी ‘सूंऽऽ’ ही दाब मर्यादित ठेवणाऱ्या व्हॉल्व्हची असते. तो दोष नव्हे, मात्र गाडी लॉकवर पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, कारण त्या वेळी पंपाचे सगळे श्रम तेल तापवण्यात जातात. पट्ट्यावर चालणाऱ्या पंपात वळवताना ‘चींऽऽ’ असा चिरका आवाज आला, तर आधी पट्ट्याचा ताण पाहावा. आणि स्टेअरिंगच्या ताणाशी संबंध नसलेली, सतत येणारी जाड घरघर बेअरिंगची असते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पंपाच्या अंगाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून मिस्त्री हे आवाज वेगळे करतात. ही रीत पूर्णपणे शास्त्रीय आहे, कारण पोलादातून ध्वनी हवेपेक्षा खूप चांगला पोहोचतो. फक्त पंखा आणि पट्टा यांच्यापासून हात आणि कपडे दूर हवेत.

कानाने बांधलेला अंदाज डोळ्यांनी तपासण्याची एक सोपी चाचणी आहे, आणि ती टाळून पुढे जाणे मला चुकीचे वाटते. इंजिन मंद चालू असताना टाकीतल्या तेलाची पातळी पाहून ठेवावी आणि इंजिन बंद करावे. तेलात हवा नसेल, तर पातळी फारशी हलत नाही. ती दोन सेंटिमीटरांहून अधिक वर चढली, तर यंत्रणेत दबून राहिलेली हवा दाब जाताच फुगली आणि तिने तेल टाकीत लोटले, असे समजावे. मग थोडे तेल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून उजेडात ठेवावे. गढूळ तेल तळाकडून वरच्या दिशेने निवळत गेले, तर त्यात हवा आहे, कारण बुडबुडे वर सरकतात आणि तळ आधी मोकळा होतो. बराच वेळ ठेवूनही ते दुधाळच राहिले, तर पाणी शिरले आहे. बाटली तिरकी केल्यावर चंदेरी चमक तरंगली, तर धातू झिजतो आहे, आणि तेव्हा मात्र पंपावर संशय घेणे रास्त ठरते.

हवा कुठून शिरते, हे शोधताना मोठी फसगत होते ती अशी, की जिथून हवा आत जाते तिथून तेल बाहेर येईलच असे नाही. इंजिन चालू असताना सक्शन पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे सैल क्लिपखालून हवा आत खेचली जाते आणि जोड कोरडाच दिसतो. संशयित जोडावर थोडे तेच तेल सोडून पाहावे; आवाज क्षणभर बदलला, तर जागा सापडली. रबराच्या जुन्या पाइपात आणखी एक लबाडी दडलेली असते. बाहेरून तो गोल आणि धडधाकट दिसतो, पण आतला थर सुटून झडपेसारखा वाटेत आडवा येतो. पाण्यासाठीचा साधा पाइप तिथे बसवला असेल, तर तेलाने रबर फुगून हे लवकर घडते. म्हणून हा पाइप नुसता चाचपून पास करू नये. काढावा, आरपार पाहावा, आणि शंका असेल तर तेल सहन करणारा नवा पाइप नव्या क्लिपांसह घालावा. बाकी यंत्रणेच्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

टाकीतल्या फिल्टरचेही तसेच. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर पंप कण्हतो आणि तेल तापल्यावर गप्प होतो, अशी तक्रार असेल, तर तुंबलेला फिल्टर किंवा गरजेपेक्षा जाड तेल हे पहिले संशयित. याउलट तेल तापल्यावर मंद इंजिनावर स्टेअरिंग जड होते आणि थोडी रेस दिली की हलके होते, असे असेल, तर पंपाच्या आत फटी वाढल्या आहेत आणि पातळ झालेले तेल त्यांतून मागे गळते आहे. गिअरवर चालणाऱ्या पंपात एक वेगळी खूण मिळते: बाहेर एक थेंबही दिसत नाही आणि टाकीतली पातळी मात्र दर आठवड्याला उतरते. अशा वेळी शाफ्टचे सील गेलेले असून स्टेअरिंगचे तेल इंजिनात जात असू शकते, म्हणून इंजिनाच्या तेलाची पातळी वाढली आहे का, हे त्याच दिवशी पाहावे.

पंप दोषी आहे की स्टेअरिंग बॉक्स (तेलाच्या दाबाने चाके वळवणारा भाग), हा निवाडा दाबाचे गेज करते. प्रेशर पाइपात गेज आणि बंद करता येणारी चावी जोडून, तेल तापलेले असताना, चावी पाच सेकंदांच्या आत बंद करून उघडायची. पंपाच्या पट्टीवर लिहिलेला दाब मिळाला, तर पंप आणि त्याचा व्हॉल्व्ह ठीक आहेत. मग चावी उघडी ठेवून लॉकवर तेवढाच दाब मिळाला नाही, तर गळती बॉक्सच्या आत आहे. या कामात पाइपाला बारीक छिद्र असल्याचा संशय आला, तर ते बोटाने कधीही चाचपू नये, पुठ्ठा पुढे धरावा. शंभर बाराची तेलाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीच्या टोचणीएवढी दिसते, पण हात वाचवायला तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते.

दुरुस्तीत घाई करून चालत नाही. रिटर्न पाइप सोडून जुने तेल डब्यात काढावे, टाकी धुवावी, फिल्टर बदलावा आणि कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच तेल घालावे. अनेक ट्रकांना ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे लाल तेल चालते, पण गाडीचे पुस्तक पाहिल्याशिवाय तसे गृहीत धरू नये. ब्रेक ऑइल तर चुकूनही घालू नये, कारण खनिज तेलासाठी बनवलेली सीले त्यात फुगून निकामी होतात. नंतर पुढची चाके उचलून स्टँडवर घ्यावीत आणि इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश, अनेकदा फिरवावे. पातळी उतरेल तसे तेल भरत राहावे. टाकीत बुडबुडे येईनासे झाल्यावरच इंजिन मंद चालवून तीच क्रिया पुन्हा करावी. एअर लवकर निघावी म्हणून रेस देण्याची सवय उलटी पडते, कारण वेगाने घुसळलेल्या हवेचा फेस होतो आणि फेसातली हवा सहज निघत नाही. फेस झालाच, तर अर्धा तास गाडी बंद ठेवणे हाच उपाय.

एवढे करूनही सूर तसाच राहिला आणि गेजने पंपाकडेच बोट दाखवले, तर पंप उघडावा. लंबगोल कड्याच्या आतल्या भिंतीवर नखाला लागतील अशा लाटा उठल्या असतील, तर पाती प्रत्येक फेऱ्यात त्या लाटांवर उड्या मारत आहेत. नुसते सील किट घालून तो पंप शांत होणार नाही, कडे, रोटर आणि पाती एकत्र बदलावी लागतील किंवा पंपच नवा घ्यावा लागेल. पट्ट्याची पुली शाफ्टवर दाबून बसवलेली असेल, तर ती ओढण्या-दाबण्याच्या हत्यारानेच काढावी-घालावी. हातोडीचा एक घाव नव्या पंपाचे बेअरिंग बिघडवायला पुरतो. जुन्या पंपाचा धातूचा कीस पाइपांत आणि बॉक्समध्ये गेलेला असतो, त्यामुळे सगळी वाट धुतल्याशिवाय नवा पंप जोडू नये. आणि नव्या पंपावर गाडी भरून एक दिवस चालल्यानंतर पातळीची तीच चाचणी, इंजिन चालू आणि इंजिन बंद, पुन्हा एकदा करावी. पातळी तेव्हाही चढत असेल, तर हवा अजून कुठून तरी शिरते आहे आणि सक्शनचे जोड परत तपासायला हवेत.